तुम्ही विचारलंत म्हणून: पोफळी मोजल्या, जेसीबीचे तास कोणी मोजले?

"काकू, तुम्ही हिशेबात होतात ना? मग सांगा, वादळ कुठलंही येवो, कामं त्याच चौघा कंत्राटदारांना कशी मिळतात?" हा प्रश्न मला श्रीवर्धनच्या बाजारात विचारला गेला आहे, एसटीत विचारला गेला आहे आणि एकदा तर हळदीकुंकवाला वाण हातात असतानाही विचारला गेला आहे. विचारणाऱ्याला उत्तर बहुधा ठाऊक असते. सरकारी बांधकामांची बिले तपासण्यात मी तीस वर्षे घालवली, म्हणून त्याला ते माझ्या तोंडून ऐकायचे असते. "पुढाऱ्यांची माणसं आहेत, दुसरं काय," असे मी म्हटले की तो समाधानाने पुढे जातो. हे उत्तर खोटे नाही, पण अपुरे आहे, आणि ते अपुरे राहण्यात त्या चौघांचीच सोय आहे.

लोकांचा राग सहसा "टेंडरच काढलं नाही" इथपासून सुरू होतो. त्या रागात मी सामील होत नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ दिवेआगरजवळ किनाऱ्याला धडकले आणि संध्याकाळपर्यंत आमच्याकडचे रस्ते आडव्या झाडांखाली दिसेनासे झाले. त्या रात्री निविदेची जाहिरात देऊन मुदत संपण्याची वाट पाहावी असे कोणीही शहाणा माणूस म्हणणार नाही. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ च्या कलम ५० मध्ये याची तरतूद आहे. बचाव किंवा मदतीसाठी तातडीच्या खरेदीची गरज आहे अशी प्राधिकरणाची खात्री पटली, तर निविदा मागवण्याची नेहमीची पद्धत माफ झाली असे मानले जाते. मात्र त्याच कलमाला दुसरा भाग आहे आणि माझी नजर तिथे अडते. साहित्य कसे वापरले याबद्दल नियंत्रक अधिकाऱ्याने दिलेले प्रमाणपत्र हेच हिशेबासाठी वैध प्रमाणक, म्हणजे व्हाउचर, ठरते. एरवी एका साध्या मोरीच्या बिलामागेही अंदाजपत्रक, कार्यादेश, मोजमाप पुस्तिका आणि वरिष्ठाची तपासणी एवढा सारा कागद उभा असतो. इथे तेवढे सगळे एका प्रमाणपत्रात सामावते, आणि ही सवलत किती दिवस चालावी याचा आकडा त्या कलमात कुठेही नाही.

ज्या वर्षी आपला हा कायदा झाला, त्याच वर्षी अमेरिकेत कॅटरिना वादळ आले आणि तिथेही निविदेविना दिलेल्या कंत्राटांवरून मोठा गदारोळ झाला. पुढच्या वर्षी त्यांनी कायदा केला की तातडीच्या नावाखाली स्पर्धेविना दिलेले कंत्राट, अपवाद वगळता, १५० दिवसांपेक्षा जास्त चालवायचे नाही आणि मुख्य कंत्राटदाराने ६५ टक्क्यांहून अधिक काम पोटकंत्राटदारांच्या गळ्यात घालायचे नाही. म्हणून तिथे सगळे सुतासारखे सरळ झाले असे मात्र नाही. २०१७ मध्ये मारिया वादळानंतर प्वेर्तो रिकोसाठी ३ कोटी जेवणांचे, सुमारे १५.६ कोटी डॉलरचे कंत्राट अटलांटातल्या एकटीने चालवलेल्या एका छोट्या कंपनीला मिळाले आणि ते रद्द होईपर्यंत जेमतेम ५० हजार जेवणे पोहोचली होती. घरोघरी मातीच्या चुली. तरी दिवसांचा आकडा कायद्यात असला, की दीडशे एकाव्या दिवसाच्या बिलावर निदान कारकुनाला बोट ठेवता येते.

आता आमच्या वाडीविषयी. निसर्गनंतर फळबागेला हेक्टरी ५० हजार रुपये जाहीर झाले. वर्तमानपत्रात हा आकडा मोठा दिसला, पण श्रीवर्धनात कोणाकडे हेक्टर आहे? इथल्या वाड्या गुंठ्यांत मोजतात. हेक्टरी ५० हजार म्हणजे गुंठ्याला साधारण ५०० रुपये, म्हणजे माझ्या आठ गुंठ्यांना चार हजार. आरडाओरड झाल्यावर शासनाने झाडावर मदत धरली: सुपारीच्या झाडाला ५० रुपये, नारळाला २५०. मग तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक असे तिघे आले आणि त्यांनी माझ्या साठ पोफळी आणि सात माड एकेक करून मोजले. मोडलेले वेगळे, मुळासकट उपटलेले वेगळे. ज्यांनी घराची वाट मोकळी करण्यासाठी पडलेले माड आधीच कापून बाजूला केले होते, त्यांना बुंधे दाखवावे लागले. माझे ४,७५० रुपये झाले. श्रीवर्धनी रोठा ही सुपारीची जात लावल्यापासून हाताशी सुपारी यायला सात-आठ वर्षे लागतात, हे त्या तिघांनाही माहीत होते आणि हिशेबात ते कुठे बसत नाही हेही माहीत होते. मी त्यांना दोष देत नाही. भर पावसात, वीज नसताना, मोबाइलला रेंज नसताना ते दारोदार फिरत होते आणि त्यांनी केलेली मोजणी चोख होती.

माझी तक्रार अशी आहे की एवढी चोख मोजणी फक्त घेणाऱ्याची झाली. त्याच आठवड्यांत रस्त्यावर जी यंत्रे चालली, त्यांचे बिल तासावर निघते. जेसीबी किती वाजता सुरू झाला, किती वाजता थांबला, हे लॉगबुकात चालक लिहितो आणि खाली कोणी तरी सही करते. उचलून नेलेले झाड पुन्हा मोजता येत नाही, सारलेली दरड पुन्हा जागेवर ठेवून पाहता येत नाही. गाळाचे तर त्याहून अवघड. २२ जुलै २०२१ च्या महापुरानंतर चिपळूणकरांनी उपोषणाला बसून वाशिष्ठी आणि शिव नद्यांच्या गाळाचा विषय लावून धरला, म्हणून तो ऐरणीवर आला. तिथल्या कामाबद्दल मला काही म्हणायचे नाही, पण गाळ या वस्तूबद्दल म्हणायचे आहे. काम सुरू होण्याआधी आणि संपल्यानंतर नदीच्या पात्राचे छेद, म्हणजे रुंदी-खोलीची मापे, घेतले, तरच किती घनमीटर निघाला ते कळते. ते घेतले नाहीत तर डंपरच्या खेपा मोजाव्या लागतात, आणि खेपा मोजणारा माणूस जेवायलाही जातो. काठावर रचलेला गाळ पहिल्या पुरात परत पात्रात गेला, तर पुढच्या वर्षी तोच गाळ नव्या बिलावर निघू शकतो. पाऊस हा असा साक्षीदार आहे की तो साक्ष द्यायच्या आधी पुरावा धुऊन टाकतो.

तरीही त्याच चौघांना का, हा मूळ प्रश्न उरतोच. याचे उत्तर द्यायला मला एक गोष्ट उलटी करून सांगावी लागते. लोकांना वाटते की पुढारी काम मिळवून देतात. वादळाच्या रात्री काम मिळवणे अजिबात कठीण नसते. ज्याच्याकडे यंत्र आहे त्याला अधिकारी स्वतः फोन करतात आणि तोंडी आदेशावर काम सुरू करायला सांगतात. कठीण असते ते पैसे मिळवणे. अनुदान केव्हा येईल सांगता येत नाही, दर मागाहून ठरतो, तोंडी आदेश देणारे साहेब मधल्या काळात बदलून जातात आणि बिल वर्षभर या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहते. ज्या तरुणाने बँकेचे कर्ज काढून एकच जेसीबी घेतला आहे आणि ज्याला दरमहा हप्ता भरायचा आहे, तो एकदा असा पोळला की पुढच्या वादळात फोन उचलत नाही. उरतात कोण? ज्यांच्याकडे वर्षभर पैसे अडकवून ठेवण्याची ऐपत आहे आणि ज्यांचे बिल मार्गी लावायला वर कोणी तरी बसले आहे. म्हणजे खरी मेहेरबानी बिल काढून देण्यात आहे. अडकलेल्या पैशाचे व्याज आणि ते सोडवून आणण्याची टक्केवारी मग तासांत मिसळली जाते. आठ तासांचे अकरा होतात ते इथे.

हे टाळता येणार नाही असे नाही. कोकणात पाऊस अचानक येत नाही, तो दर जूनला येतो. दरवर्षी मान्सूनपूर्व आढावा बैठक होते, तिच्यात नियंत्रण कक्षाचे फोन नंबर ठरतात, होड्या आणि दोर यांच्या याद्या होतात. मी अशा अनेक बैठकांना कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले आहे. यंत्राचा तासाचा दर मे महिन्यातच दहा-बारा मालकांशी ठरवून घ्यावा आणि ती यादी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावावी, असा विषय मी बसले त्या एकाही बैठकीत निघाला नाही. दर आधी ठरलेला असता आणि देयक तीस दिवसांत मिळाले असते, तर एकच जेसीबी असलेल्या त्या तरुणानेही फोन उचलला असता.

वादळ ओसरल्यावर तिसऱ्या-चौथ्या महिन्यात निघणारी कामे वेगळी. संरक्षक भिंत, धूपप्रतिबंधक बंधारा, निवारा शेड, जमिनीखालून वीजवाहिन्या: यांत घाई कसली? महाडजवळच्या दासगावच्या दरडग्रस्तांनी २००५ नंतर वर्षानुवर्षे पत्र्याच्या शेडमध्ये काढली, तेव्हा कोणाला घाई नव्हती. पण फाइलवर एकदा "आपत्कालीन" हा शब्द बसला की तो पुसला जात नाही, आणि ई-निविदेच्या मर्यादेखाली बसावे म्हणून एका भिंतीचे तीन तुकडे पाडले जातात. पायी जाताना ती भिंत सलगच दिसते.

हे सगळे ऐकल्यावर अलीकडे एका कॉलेजातल्या मुलाने मला विचारले, "मग काकू, तुम्ही का नाही अडवलंत?" हा प्रश्न पहिल्यापेक्षा प्रामाणिक आहे, म्हणून त्याचेही उत्तर देते.

निवृत्तीच्या काही वर्षे आधी एका पावसाळ्यात माझ्या टेबलावर दोन बिले आली होती. गावे वेगळी, बिले वेगळी, पण जेसीबीचा नोंदणी क्रमांक एकच आणि तारीखही एकच. दोन्हीकडे मिळून एकोणीस तास दाखवले होते. दोन्ही गावांच्या मध्ये खाडी आहे आणि त्या दिवशी खाडीवरची फेरी वादळामुळे बंद होती. रस्त्याने वळसा घालायचा तर अख्खा दिवस जावा, तोही रस्ता मोकळा असेल तर. मी एवढेच लिहून आक्षेप घेतला आणि बिले परत पाठवली. चार दिवसांनी ती पुन्हा आली. माझ्या टिपणाखाली एक ओळ होती: "तातडीची परिस्थिती विचारात घेता सक्षम अधिकाऱ्याचे प्रमाणपत्र ग्राह्य धरावे." कायद्याच्या भाषेत त्या ओळीत चूक काढता येत नव्हती. मी बिले पारित केली. माझा आक्षेप त्या फाइलीत राहिला आणि त्याच्याखाली माझी सहीही राहिली.

त्या मुलाला मी सांगितले की माहितीच्या अधिकारात अर्ज कर, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लाव, नुसती "खर्चाची माहिती" मागू नकोस, यंत्राचे लॉगबुक आणि वापराचे प्रमाणपत्र या दोन कागदांच्या प्रती माग. त्याने वही काढली आणि त्या दिवसाची तारीख विचारली. ती मला पाठ आहे, मी सांगितली.