तुम्ही विचारलंत म्हणून: या दहा आकडी संख्येची तारीख कशी काढायची?

प्रोग्रॅमिंग नव्याने शिकणारी मुलं मला हा प्रश्न हमखास विचारतात. डेटाबेसमध्ये तारखेच्या जागी १७०००००००० असं काहीतरी बसलेलं दिसतं, त्याची वाचता येईल अशी तारीख कशी करायची? खरं तर उत्तर एका ओळीचं आहे: पायथॉनमध्ये फ्रॉमटाइमस्टॅम्प, जावास्क्रिप्टमध्ये न्यू डेट. पण ती ओळ घेऊन गेलेली मुलं लवकरच परत येतात. ‘तारीख एक दिवस मागे का दाखवतंय?’

म्हणून मी आधी कागद घ्यायला लावतो. १ जानेवारी १९७० ला यूटीसीप्रमाणे (म्हणजे जगाच्या प्रमाणवेळेप्रमाणे) मध्यरात्री बारा वाजता शून्य धरलंय आणि तिथून पुढे नुसते सेकंद मोजलेत; याला युनिक्स टाइम म्हणतात. दिवसाचे सेकंद ८६,४००. भागाकार केला की १९,६७५ दिवस पूर्ण आणि बाकी ८०,०००. १९७० ते २०२२ ही ५३ वर्षं, त्यांत १३ लीप वर्षं, म्हणून १९,३५८ दिवस गेले. उरले ३१७. म्हणजे २०२३ सालचा ३१८ वा दिवस, १४ नोव्हेंबर. आणि बाकीतून निघालेली वेळ रात्रीचे २२:१३:२०. (पृथ्वीच्या फिरण्याशी मेळ ठेवायला १९७२ पासून जगाच्या घड्याळात घातलेले २७ जादा सेकंद, म्हणजे लीप सेकंद, ही मोजणी खुशाल सोडून देते. म्हणूनच भागाकार इतका सरळ होतो.)

आता यात भारताचे साडेपाच तास, म्हणजे १९,८०० सेकंद मिळवा. १५ नोव्हेंबर, पहाटेचे ३:४३:२०. यूटीसीवर चालणाऱ्या सर्व्हरवर दिवाळीचा पाडवा आणि पुण्यात भाऊबीज! आकडा दोन्हीकडे तोच. सांगायचं एवढंच की आकड्याला गाव नसतं, तारखेला असतं. ‘याची तारीख काय?’ असं कुणी विचारलं की मी उलट विचारतो, कुठली? कोडमध्ये ‘एशिया/कोलकाता’ असा टाइमझोन स्पष्ट लिहा. तो न लिहिता मशीनच्या सेटिंगवर सोडला, की तुमच्या लॅपटॉपवर बरोबर दिसणारी तारीख सर्व्हरवर चुकते. कागदावर ठीक, पण कोडमध्ये थेट साडेपाच तास मिळवायची सवयही मला पसंत नाही. आकड्यातच मिळवून ते साठवणं तर त्याहून वाईट, कारण पुढचा माणूस पुन्हा मिळवतो.

दुसरी नेहमीची तक्रार, ‘सगळं जानेवारी १९७० मध्येच येतंय.’ जावास्क्रिप्टला मिलिसेकंद हवे असतात. तुम्ही सेकंद दिलेत तर वरचा आकडा २० जानेवारी १९७० होतो. हजाराने गुणा. सध्याच्या काळातला आकडा दहा अंकी असेल तर सेकंद, तेरा अंकी असेल तर मिलिसेकंद. एवढी खूण पुरते.

एका ठरावीक क्षणापासून सलग मोजत राहायचं, ही कल्पना आपल्याकडे जुनीच आहे. ज्योतिषगणितात तिला अहर्गण म्हणतात. तिथे सेकंदांऐवजी दिवस मोजतात. आकडा फुगतो ही अडचण तिथेही होती. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी ‘ग्रहलाघवा’त शके १४४२, म्हणजे इ.स. १५२० पासून मोजायला घेतलं आणि ११ वर्षांचं, ४,०१६ दिवसांचं चक्र धरून दर चक्राला मोजणी पुन्हा सुरू केली. हातचा आकडा त्यामुळे कायम चार अंकांत राहिला. युनिक्सवाल्यांनी अशी सोय केली नाही. ३२ बिटांत साठवलेली ही मोजणी २,१४७,४८३,६४७ ला संपते, भारतीय वेळेनुसार १९ जानेवारी २०३८ च्या सकाळी ८:४४:०७ वाजता. पुढच्या सेकंदाला आकडा ऋण होऊन तारीख १९०१ मध्ये जाते. ६४ बिटांवर गेलेल्यांना ही चिंता नाही, जुन्या यंत्रांत ती अजून आहे.

आणि जन्मतारीख? ती या आकड्यात कोंबूच नका. भारतातल्या मध्यरात्री बाराचा क्षण म्हणून ती साठवली, तर यूटीसीत ती आदल्या दिवशीची संध्याकाळ, साडेसहा वाजता. जन्मतारीख हा क्षण नव्हे, नुसती तारीख आहे. डेटाबेसमध्ये त्यासाठी ‘डेट’ हा वेगळा प्रकार असतो, तो वापरा.