उणे आठमधली दुपारची झोप

नोकरीचा चौथा दिवस. गाव नॉर्वेतलं ट्रॉन्डहाइम, महिना डिसेंबर. इथे या दिवसांत सूर्य सकाळी दहाला उगवतो आणि अडीचला गुंडाळून निघूनही जातो. मी एका 'बार्नेहागे'त, म्हणजे बालवाडीत, बदली मदतनीस म्हणून लागले होते. बार्नेहागेचा शब्दशः अर्थ 'मुलांची बाग'. या बागेतला दिवस मुलांनी खरोखरच बाहेर काढायचा असतो, हे मला अजून कळायचं होतं.

माझ्याकडे एक-दोन वर्षांची सहा पिल्लं होती. त्यातला एक दीड वर्षांचा, गोबऱ्या गालांचा. त्याचं नाव माझ्या जिभेला झेपत नव्हतं, म्हणून मनातल्या मनात मी त्याला गोलू म्हणायचे.

अकराला जेवण झालं. जेवण म्हणजे पावाच्या चकत्या. त्यांवर काय लावायचं यातच काय ती विविधता: कलेजीचा लगदा, माशाच्या अंड्यांची गुलाबी पेस्ट, नाहीतर तपकिरी चीज. हे 'ब्रूनोस्ट' चीज बनवताना नासवलेल्या दुधाची निवळी आटवत नेतात, इतकी की तिच्यातली साखर करपून तपकिरी होते. मी सातारची. पहिला घास घेतला आणि म्हटलं, अरे, हा तर मीठ पडलेला कंदी पेढा! पण ते कौतुक समजून घ्यायला शेजारी सातारचं कुणी नव्हतं.

जेवणानंतर झोप. मी आपली गाद्या शोधायला लागले, तर सहकारी मुलांना कपडे चढवायला लागली. आधी अंगालगत लोकरीचे, वर आणखी लोकरीचे, कानटोपी, मोजे. मग एकेकाला उचलून बाहेरच्या पडवीत. तिथे सहा बाबागाड्या ओळीने उभ्या, प्रत्येकीत मेंढीचं कातडं अंथरलेलं आणि वर पिसांनी भरलेली जाड पिशवी. पोरं त्यात गळ्यापर्यंत घातली आणि पाच मिनिटांत झोपलीसुद्धा. भिंतीवरचा थर्मामीटर उणे आठ दाखवत होता.

मी विचारलं, "इथेच?"

"आपल्याकडे उणे दहापर्यंत बाहेरच," ती म्हणाली. दर दहा मिनिटांनी बघून यायचं एवढं सांगून मोठ्यांच्या गटाकडे गेलीसुद्धा. तो गट सकाळीच रानातून आला होता. चार वर्षांची पोरं तिथे शेकोटीभोवती बसून खऱ्या चाकूने काटक्या तासतात. नियम दोनच: बसूनच तासायचं आणि पातं अंगापासून लांब न्यायचं. त्याबद्दल मी अजून कुणाशी बोलायला धजले नव्हते.

पहिली फेरी मारली. गोलूचे गाल टोमॅटोसारखे लाल. नाकातून वाफ निघतेय. माझ्या काळजात चर्र झालं. आमच्याकडे साताऱ्यात पारा बारावर आला तरी आई माकडटोपी घालते आणि खिडकीच्या फटीत कापड कोंबते. बाळाला वारं लागू नये म्हणून सव्वा महिना दार किलकिलं ठेवणारी माणसं आम्ही. दुसऱ्या फेरीला मी त्याच्या हाताला हात लावला, तर बोटं गारढोण. संपलंच. मी इकडेतिकडे पाहिलं, त्याला पिशवीतून काढलं आणि छातीशी धरून आत आणलं. कोचावर निजवून वर माझी शालही घातली!

आत बावीस अंश. दुहेरी लोकर, त्यावर शाल. दहाव्या मिनिटाला गोलू असा किंचाळून उठला की विभागप्रमुख ऑफिसातून धावत आल्या. (त्यांना तीन वर्षांची पोरंही नुसत्या नावाने हाक मारतात. माझ्या तोंडून ते निघेना, म्हणून मी त्यांना हाकच मारत नसे.) त्यांनी दोन बोटं त्याच्या मानेमागे घातली. मान घामाने चिंब.

"आजारी आहे का?"

"नाही. बाहेर थंडी होती."

यावर त्यांनी तोंड किंचित उघडून सर्रकन श्वास आत घेतला. आमच्याकडे असा श्वास आत ओढतात तो कुणी गेल्याची बातमी ऐकल्यावर. माझे पाय लटपटले. गेली नोकरी, नवऱ्याला काय सांगू, इथपर्यंत मन पोचलं.

त्या मात्र शांतपणे गोलूचे कपडे सैल करून त्याला दुसऱ्या बाईंकडे देऊन मला पडवीत घेऊन गेल्या. "हात आधी काखेत धरून गरम कर," म्हणाल्या. मग एकेका झोपलेल्या पोराच्या मानेमागे माझी बोटं नेली. पाचही माना नुकत्या तव्यावरून उतरलेल्या भाकरीसारख्या उबदार. "हाताला लावून कळत नाही, हात नेहमीच गार असतात. मान बघायची." आणि मग माझ्या कॉलरकडे बोट दाखवून, "तुझ्या आत काय आहे?"

सुती बनियन होतं.

"कापूस घामाने ओला झाला की अंग गार पडतं. या सगळ्यांत थंडी एकट्या तुलाच वाजतेय." मग ती म्हण ऐकवली, जी इथे पोरांना बोलता यायच्या आधी पाठ होत असावी: खराब हवा नसते, खराब कपडे असतात. नॉर्वेजियनमध्ये तिला छान यमक आहे, 'वॅर' आणि 'क्लॅर'.

साडेतीनला, म्हणजे अंधारून आल्यावर, गोलूचे बाबा आले. मला वाटलं, प्रमुख बाई सांभाळून घेतील. पण त्या म्हणाल्या, "दिवस तुझ्याकडे होता, तूच सांग." मी मोडक्यातोडक्या भाषेत सगळं सांगितलं, शालीसकट. त्यांनीही सर्रकन श्वास आत घेतला. मी डोळे मिटले.

उघडले तर ते हसत होते. इथे बापाच्या वाट्याला पंधरा आठवडे भरपगारी रजा असते. ती त्यांनी घेतली होती, तेव्हा रोज दुपारी हा गॅलरीत झोपायचा, पाऊस असला तरी. "घरात त्याला झोपच लागत नाही. आज रात्री लवकर झोपेल, बरंच झालं," म्हणाले आणि त्याला पाठुंगळी मारून बर्फातून चालू लागले.

तो श्वास म्हणजे 'या', म्हणजे 'हो', हे मला सहकारीने दुसऱ्या दिवशी सांगितलं. या भागात आणि वर उत्तरेला बरेच जण 'हो' हा शब्द श्वास आत घेतच म्हणतात. म्हणजे प्रमुख बाई नुसतं "हो, बरं" म्हणाल्या होत्या आणि मी तेवढ्यात सामान बांधून साताऱ्याला पोचले होते. त्याच दिवशी माझ्या खुंटीवर एक पिशवी लटकलेली दिसली. आत लोकरीचे आतले कपडे, वापरलेले, धुऊन घडी घातलेले. कुणी ठेवले ते कुणी सांगितलं नाही आणि मी विचारावं असंही कुणाला वाटत नव्हतं.

याला आता तीन हिवाळे झाले. परवा फोनवर आई विचारत होती, "जेवलीस का गं?"

मी उत्तर दिलं, तर पलीकडून घाबरा आवाज: "अगं बाई, काय झालं? कोण गेलं?"