माझा अनुभव : हंटिंग्टनच्या रुग्णासाठी दिव्यांग प्रमाणपत्र

माझ्या यजमानांना हंटिंग्टन हा आनुवंशिक मेंदूविकार असल्याचे निदान झाले, तेव्हा ते ४४ वर्षांचे होते. ते जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. त्यांची डगमगती चाल आणि मध्येच उडणारे हात पाहून गावाने त्यांना आधीच दारुडा ठरवून टाकले होते. सासूबाईंच्या वेळी याच लक्षणांना ‘अंगात वारे येते’ म्हणत देवऋषी झाले होते.

नोकरी टिकवायची तर दिव्यांग प्रमाणपत्र हवे, हे मला एका निवृत्त गुरुजींनी सांगितले, दवाखान्यात कोणी नाही. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम २० नुसार, सेवेत असताना दिव्यांगत्व आलेल्या सरकारी कर्मचाऱ्याला कमी करता येत नाही. नेहमीचे काम जमत नसेल तर त्याच वेतनावर दुसरे काम, आणि तेही नसेल तर अधिसंख्य, म्हणजे मंजूर पदांव्यतिरिक्तचे जादा पद द्यावे लागते.

अर्ज स्वावलंबन पोर्टलवर भरायचा होता. सेवा केंद्रातला मुलगा यांच्याच हाताखाली शिकलेला. सही चौकटीत बसेना. प्रत्येक वेळी शेवटच्या अक्षराला हात उसळायचा आणि रेघ कागदाबाहेर जायची. चार कागद वाया गेल्यावर तो मान वर न करता म्हणाला, ‘‘सर, अंगठाही चालतो.’’ यांनी अंगठा दिला आणि घरी येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत.

तपासणीच्या दिवशी रांगेत पाच तास गेले. पातळ चहाने यांना ठसका लागतो आणि वजन झपाट्याने उतरत असल्याने उपाशी ठेवून चालत नाही, म्हणून मी डब्यात घट्ट शिरा नेला होता. यांना सावरत कागद दाखवणे एकटीला जमणार नव्हते, म्हणून आमची २० वर्षांची मुलगी सोबत होती. फाईल चाळणाऱ्या कर्मचाऱ्याने जनुकीय अहवाल पाहून सगळ्यांसमोर विचारले, ‘‘मुलीची केली का तपासणी?’’

त्या अहवालात हंटिंग्टनच्या जनुकातील ‘सीएजी’ या तुकड्याची पुनरावृत्ती ४५ वेळा नोंदवली आहे. ४० किंवा त्याहून अधिक असली की आजार होतोच असे मानतात, आणि प्रत्येक अपत्याला हा दोष मिळण्याची शक्यता निम्मी असते. समुपदेशकांनी बजावले होते की, तपासणी करायची की नाही हे सज्ञान झाल्यावर ज्याचे त्यानेच ठरवायचे, इतरांनी विचारूही नये. ते पथ्य आम्ही घरात दोन वर्षे पाळले होते.

अर्ज मात्र त्या दिवशी परत आला, कारण ‘यादीत हे नाव नाही’. कायद्याच्या अनुसूचीत दीर्घकालीन चेताविकारांत मल्टिपल स्क्लेरोसिस आणि पार्किन्सन ही दोनच नावे आहेत, पण त्यांच्याआधी ‘यांसारखे’ अशा अर्थाचा शब्द आहे. आमच्या मेंदूविकारतज्ज्ञांनी त्या शब्दावर बोट ठेवून पत्र दिले आणि चालणे, गिळणे, लिहिणे यांतले काय किती जमत नाही ते स्वतंत्रपणे लिहिले. दुसऱ्या फेरीत डॉक्टरांनी ते शांतपणे वाचले, यांना चालायला लावले, गुंड्या लावायला सांगितल्या. प्रमाणपत्र ५५ टक्क्यांचे मिळाले, पाच वर्षांच्या मुदतीचे. वाढतच जाणाऱ्या आजाराला मुदत कशासाठी, हे मला अजून उमगलेले नाही; टक्केवारी वाढवून मिळू शकते, एवढाच त्यातला उपयोग.

कोणाला अर्ज करायचा असल्यास तज्ज्ञांचे पत्र फाईलमध्ये वर ठेवावे आणि जनुकीय अहवाल वेगळ्या बंद पाकिटात न्यावा, तो फक्त तपासणाऱ्या डॉक्टरांच्या हाती द्यावा. मुदत संपेल तेव्हा मी भाच्याला सोबत नेणार आहे, मुलीला नाही.