आण्णांच्या नसेचा तुकडा

सुरुवात चपलेपासून झाली. पावसाळ्यात आण्णा शेतातून एकाच पायात चप्पल घालून घरी आले, दुसरी कुठंय विचारलं तर खाली बघून आमच्यापेक्षा तेच जास्त चकित. काळ्या रानातल्या चिखलात रुतून बसली होती, पायाला पत्ताच नाही. "कापसावर पाय ठेवल्यासारखं वाटायलंय," एवढंच म्हणले आणि चहा मागितला.

शुगर थोडी वाढलेली निघाली. झालं, मग ज्याला विचारावं तो म्हणे शुगरमुळं नसा गेल्या. बी-१२ ची इंजेक्शनं, गोळ्या, कुणी सांगितलं म्हणून तेलाची मालिश, सव्वा वर्ष असंच गेलं. तेवढ्यात डाव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट बधिर झालं, शर्टाचं बटण लावायला आईला हाक मारायला लागले. ज्या डॉक्टरकडं आम्ही तेव्हा जात होतो त्यांनी एकदाही कोपराला हात लावून बघितलं नाही, याचा राग मला अजून येतो, पण जाऊ द्या.

लातूरला न्यूरोलॉजिस्टनी दोन मिनिटात केलं ते हे. आण्णांच्या कोपराच्या आतल्या बाजूला जी नस असते, जिथं आपटलं की मुंग्या येतात ती, ती त्यांनी बोटाखाली घेतली आणि मग माझं बोट तिथं ठेवलं. उजवीकडं सुतळीसारखी लागली. डावीकडं पेनाची रिफिल. म्हणले, शुगरचं बहुतेक वेळा दोन्ही पायात सारखं सुरू होतं, मोजे घातल्यासारखं वर चढतं. इथं डावा पाय, डावा हात, म्हणजे एकेक नस वेगवेगळी पकडलीय. एनसीव्ही केली, म्हणजे करंट देऊन नसा कशा चालतात ते बघतात, त्यातही तेच आलं. मग दोन संशय उरले: नसांना रक्त पुरवणाऱ्या बारीक रक्तवाहिन्यांना सूज, नाहीतर कुष्ठरोग.

आई तिथंच उठून उभी राहिली. अंगावर एक चट्टा नाही, म्हणली, महारोग कसा होईल? तर तसाही होतो, फक्त नसांमध्ये, कातडीवर काहीच न दिसता. त्या जंतूला शरीराचा थंड भाग आवडतो म्हणे, म्हणून कोपर, गुडघ्याच्या बाजूची, घोट्याजवळची अशा कातडीखाली वर वर असणाऱ्या नसा तो धरतो. कानाच्या पाळीतून घेतलेला नमुना कोरा आला होता, तरी संशय जात नव्हता. आणि दोन्ही आजारांची औषधं एकदम वेगळी, त्यामुळं अंदाजानं सुरू करण्यात अर्थ नव्हता. म्हणून बायोप्सी, म्हणजे नसेचा छोटा तुकडा काढून तपासायचा.

आता आपल्याकडं गंमत अशी की नस म्हणजे रक्ताची पण आणि संवेदनेची पण. नस कापणार म्हणल्यावर घरात रडारड, चुलते म्हणले रक्त किती जाईल, बाटली लागेल का. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. बाहेरच्या घोट्याच्या मागून सुरल नावाची नस जाते, ती फक्त स्पर्श कळवते, पाय हलवायचं काम तिच्याकडं नाही. म्हणून तीच घेतात. चालणं बिघडत नाही पण पावलाची बाहेरची कड कायमची बधिर राहते आणि काही जणांना तिथं दुखत पण राहतं, हे त्यांनी सही घ्यायच्या आधी दोनदा सांगितलं. मी एकच विचारलं, यातून जे कळेल त्यानं औषध बदलणार का? हो म्हणले. नुसतं शुगरचंच आहे असं दिसत असतं तर मी कापलीच नसती, असंही म्हणले. तिथं माझा विश्वास बसला.

भूल फक्त तेवढ्याच जागेला. आण्णा जागे, वर पंख्याकडं बघत सोयाबीनचा भाव काढत होते. कापायच्या क्षणी करंट बसेल असं सांगितलं होतं, तसा एक झटका आला, "आई गं" म्हणले, संपलं. तुकडा पांढरट, ओल्या दोऱ्यासारखा. रिपोर्टात गाठीसारखी सूज आणि खास रंग दिल्यावर लाल दिसणारे थोडे जंतू सापडले. कुष्ठरोगच.

मला वाटायचं हा रोग आपल्याकडून गेला. २००५ च्या शेवटी देशानं निर्मूलन जाहीर केलं होतं, पण त्याचा अर्थ दर १०,००० लोकांमागं एकापेक्षा कमी पेशंट एवढाच, शून्य नव्हे. त्यावरची एमडीटी, म्हणजे १९८२ पासून चालत आलेला तीन औषधांचा एकत्र कोर्स, सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. आण्णांना १२ महिने, सोबत नसेच्या सुजेसाठी स्टेरॉइड. औषधांनी लघवी लाल झाली, चेहरा काळवंडला, गावात लोक विचारायचे तर आई सांगायची, ऊन लागलंय.

हे चालू असताना आत्याचं निघालं. तिच्या तळपायांची रात्रभर आग आग, ओलं फडकं गुंडाळून झोपायची, पण एनसीव्ही नॉर्मल, त्यामुळं सगळे म्हणायचे मनाचं आहे. एनसीव्हीत जाड नसाच कळतात, आग कळवणाऱ्या नसांच्या बारीक तंतूंचं काही दिसत नाही. तिला कातडीची बायोप्सी सांगितली. घोट्याच्या १० सेंटीमीटर वर ३ मिलिमीटरचा गोल पंच, टाका पण नाही, पट्टी लावून एसटीनं घरी. मग तो तुकडा रंगवून कातडीच्या वरच्या थरात किती तंतू शिल्लक आहेत ते अक्षरशः मोजतात. पहिला नमुना मात्र वाया गेला, कुणीतरी सवयीनं साध्या फॉर्मॅलिनमध्ये टाकला आणि त्या लॅबला वेगळं द्रावण लागत होतं. पुन्हा पंच. दुसऱ्यात तंतू फारच कमी निघाले. तिचं कारण नंतर शुगरच ठरलं, पण "मनाचं नाही" हा कागद हातात आल्यावर ती लई रडली.

आण्णांचा कोर्स संपला. बटण अजून आईच लावते, करंगळी काही सरळ झाली नाही, उशीर झाला त्याचं ते. चपलेला मागून पट्टा शिवून घेतलाय. रोज संध्याकाळी पाय धुतल्यावर आई मोबाईलच्या टॉर्चनं तळवे बघते, परवा बाभळीचा काटा निघाला, अर्धा इंच आत. आण्णांनी दिवसभर त्यावर पाणी दिलं होतं उसाला.