कापा, पण चित्राला हात लावू नका : आमची वाटचाल

सांगलीत आमचा धंदा लग्नाच्या शूटिंगवर उभा राहिला. व्हीएचएस कॅमेरा, हॅलोजनचा दिवा धरून मागेमागे फिरणारा एक पोरगा आणि मिक्सिंगला बदामाच्या आकारात नवरा-नवरी. त्या काळी सगळेच हे करत होते, आम्हीही केलं. २००५-०६ च्या सुमारास लोक जुन्या कॅसेटी पिशवीत घालून आणायला लागले. "व्हीसीआर बिघडलाय, याची सीडी करून द्या." तेव्हा आम्ही घरात वापरतात तसला एक डीव्हीडी रेकॉर्डर घेतला आणि धंद्याचा रस्ता बदलला. आज शूटिंग जवळपास बंद आहे. जुन्या कॅसेटी आणि डिस्कवरचं चित्र सोडवून घेणं हेच मुख्य काम झालंय.

नव्या पिढीने तो रेकॉर्डर पाहिलेला नसेल. व्हीसीआरसारखाच दिसणारा डबा, फक्त कॅसेटऐवजी कोरी डीव्हीडी घ्यायचा. मागून पिवळी-लाल-पांढरी वायर जोडायची, कॅसेट सुरू करायची, रेकॉर्ड दाबायचं. संगणकाची गरज नाही. एका ४.७ जीबीच्या डिस्कवर एक्सपी मोडमध्ये एक तास, एसपीमध्ये दोन, एलपीमध्ये चार आणि ईपीमध्ये सहा तास बसायचे. आम्ही एसपीच्या खाली शक्यतो उतरलो नाही. पण घरोघरी लोकांनी काय केलं असेल ते सांगायला नको. एका डिस्कवर सहा तास बसतात म्हटल्यावर मुंजीपासून डोहाळजेवणापर्यंत सगळं एकाच डिस्कवर. बऱ्याच मशीनमध्ये एलपीला चित्राची रुंदी ७२० वरून ३५२ वर यायची आणि ईपीला उंचीही निम्मी व्हायची. त्याच डिस्क आज आमच्याकडे येतात आणि त्यांच्यासोबत "एचडी करून द्या" हे वाक्यही येतं.

सुरुवातीला अख्खी कॅसेट अख्ख्या डिस्कवर एवढंच काम होतं. पुढे मागणी बदलली. "सगळं नको हो, आमच्या अण्णांचं भाषण तेवढं काढून द्या." "मधल्या जाहिराती काढा." "आजी दिसतात तेवढेच तुकडे जोडा." म्हणजे एडिटिंग आलं. एडिटिंगचं मशीन आमच्याकडे होतंच आणि त्यावर एडियस हे एडिटिंगचं सॉफ्टवेअर. लग्नवाल्या स्टुडिओंपैकी बहुतेकांकडे तेच असायचं. डिस्कमधली व्हीओबी, म्हणजे चित्र-आवाजाची फाईल टाइमलाइनवर टाकली, नको ते कापलं, पुन्हा डीव्हीडी काढली. ग्राहक खूश होऊन जायचा. मला मात्र दोन्ही डिस्क शेजारी लावल्यावर चैन पडत नव्हतं.

रेकॉर्डर चित्र एमपेग-२ पद्धतीने दाबून, म्हणजे कमी जागेत बसवून, साठवतो, म्हणजे डिस्कवर आलेलं चित्र आधीच एकदा दाबलेलं असतं. एडिटिंगचं सॉफ्टवेअर ते उलगडतं आणि बाहेर काढताना पुन्हा दाबतं. व्हीएचएसच्या चित्रात दाणे आणि थरथर भरपूर. एन्कोडरला, म्हणजे चित्र दाबणाऱ्या प्रोग्रामला, ते फार जड जातं. दुसऱ्या फेरीत मांडवाच्या अंधाऱ्या कोपऱ्यात चौकटी उठतात, शालूच्या जरीचं पीठ होतं. तीन मिनिटांची जाहिरात काढण्यासाठी दोन तासांचं चित्र पुन्हा दळायचं, हे मला पटेना. आणि त्यात मशीन अडकून पडायचं ते वेगळंच.

म्हणून सॉफ्टवेअर शोधायला बसलो तेव्हा अट एकच ठेवली. जिथे कात्री लागते तेवढ्याच फ्रेम नव्याने बनव, बाकीचं आहे तसं उचलून ठेव. टायटल, फुलं, पानं उलटण्याचे इफेक्ट यातलं काही मला नको होतं. दुकानदाराला हे सांगितलं की तो पुन्हा इफेक्टवालंच खोकं पुढे करायचा.

यात अडचण कुठे येते ते थोडं सांगतो, कारण पुढची सगळी निवड यावरूनच झाली. एमपेग-२ मध्ये प्रत्येक फ्रेम पूर्ण नसते. एक पूर्ण फ्रेम असते, तिला आय फ्रेम म्हणतात. तिच्यानंतरच्या पी आणि बी फ्रेममध्ये मुख्यतः काय बदललं तेवढंच असतं. आपल्याकडच्या पॅल पद्धतीत सेकंदाला २५ फ्रेम आणि डीव्हीडीच्या नियमाप्रमाणे जास्तीत जास्त १५ फ्रेमचा एक गट. म्हणजे साधारण अर्ध्या सेकंदाला एक पूर्ण फ्रेम मिळते. कात्री तिथेच लावली तर काहीच बिघडत नाही. गटाच्या मध्ये लावली तर त्या गटातल्या फ्रेमचा आधारच जातो, त्यामुळे तेवढा गट नव्याने बनवावा लागतो. हे नेमकं जमणाऱ्या सॉफ्टवेअरला स्मार्ट रेंडरिंगवालं म्हणतात.

अर्धा सेकंद म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल. लग्नात खरंच काही नाही. पण आमचं गाव नाटकाचं. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली इथेच 'सीता स्वयंवर' केलं, तेव्हापासून इथे गल्लोगल्ली हौशी नट. एका नाट्यमंडळाने आपल्या जुन्या प्रयोगांच्या डिस्क आणल्या. मंडळाचे सेक्रेटरी म्हणाले, "तिसऱ्या घंटेपासून सुरू पाहिजे. आधीची खुर्च्यांची खडखड नको, पण घंटा पूर्ण पाहिजे." घंटा नेमकी गटाच्या मधोमध. मागच्या आय फ्रेमवर कापलं तर कुणाचं तरी खोकणं येतं, पुढच्यावर कापलं तर घंटेचा ठोका जातो आणि नुसता नाद उरतो. सॉफ्टवेअरची खरी परीक्षा आम्ही या घंटेवर घेतली. नंतरही जे जे नवीन हाती आलं त्याला पहिली हीच डिस्क दिली.

परीक्षेत आणखी दोन प्रश्न होते. पहिला फाईलींचा. डीव्हीडीवर चित्र एक जीबीच्या व्हीओबी तुकड्यांत साठवलेलं असतं. हे तुकडे म्हणजे वेगवेगळे प्रसंग नव्हेत. एखादं वाक्य पहिल्या तुकड्यात सुरू होऊन दुसऱ्यात संपतं. सॉफ्टवेअरने ते सलग उघडले पाहिजेत. दुसरा प्रश्न आवाजाचा. बहुतेक रेकॉर्डर आवाज डॉल्बीच्या एसी-३ पद्धतीत ठेवतात. काही सॉफ्टवेअर चित्र उघडायची आणि मुकी राहायची, काही आवाज घ्यायची पण तो पुन्हा दाबायची. शेवटी ओठ आणि शब्द जुळतात का, ते पाहायचं डिस्कच्या अगदी शेवटच्या पाच मिनिटांत, कारण घसरण हळूहळू वाढते. हे काम बायकोकडे. ती पेटी शिकलेली आहे, माझ्या कानाला जे कळत नाही ते तिला लगेच कळतं.

विंडोज एक्सपीतलं मूव्ही मेकर पहिल्याच प्रश्नाला बाद झालं, ते व्हीओबी घेतच नसे. व्हर्च्युअलडबचं नाव फार ऐकलं होतं, पण ते मुळात एव्हीआय फाईलींसाठीचं. अव्हिडेमक्स फुकट होतं आणि आम्हाला पाहताक्षणी आवडलं, कारण पडद्यावरची फ्रेम आय आहे की पी की बी हे ते लिहून दाखवतं. कॉपी मोडमध्ये, म्हणजे पुन्हा न दाबता, आय फ्रेमवर कापलं की काम मिनिटांत. घंटेवर मात्र अडलं. मग पैसे मोजून घ्यायच्या पर्यायांकडे वळलो. वोंबल कंपनीचं एमपेग व्हिडिओ विझार्ड आणि जपानच्या पेगासिसचं टीएमपेगएन्क, दोघंही स्मार्ट रेंडरिंगवाले. वोंबलचा पडदा जुनाट दिसतो, पण एमपेग-२ त्याला अंगवळणी पडलेलं. घंटा पूर्ण आली, खोकला गेला, आणि बाकीचं चित्र फ्रेमला फ्रेम जसंच्या तसं. सेक्रेटरींनी डोळे मिटून तीनदा ऐकलं.

रडणाऱ्या डिस्कसाठी प्रोजेक्टएक्स. जावावर चालणारा हा फुकटचा प्रोग्राम दिसायला ओबडधोबड आहे, पण चित्र-आवाज वेगळे करून कुठे किती फ्रेम गहाळ आहेत त्याची यादी देतो आणि त्याप्रमाणे आवाज छाटून जुळवतो. ज्या डिस्कवर ओरखडे आहेत ती आधी यातून काढायची आणि मगच कापायला घ्यायची, हा आमच्याकडचा नियम.

पैसे देऊन घेतलेल्यांपैकी एका कापायच्या सॉफ्टवेअरची गंमत वेगळी झाली. काम उत्तम होतं. पण काही वर्षांनी कंपनीच बंद झाली, आणि नवीन संगणकावर घातलं की ते परवाना तपासायला इंटरनेटवर जायचं, तिथे उत्तर द्यायला कुणी नाही. पैसे भरलेले, पावती हातात, सॉफ्टवेअर मुकं. तेव्हापासून आम्ही रोजचं काम ज्याच्यावर अवलंबून आहे ते शक्यतो मुक्त सॉफ्टवेअर ठेवतो, आणि त्याची इन्स्टॉल करायची फाईल आपल्याकडे जपून ठेवतो. आज नव्वद टक्के साधी कापाकापी लॉसलेसकट नावाच्या फुकट प्रोग्रामवर होते. त्याच्या पोटात एफएफएमपेग हा चित्र-आवाज हाताळणारा फुकट प्रोग्राम आहे. आमच्याकडचा मुलगा तर तेही बाजूला ठेवून काळ्या खिडकीत एफएफएमपेगला थेट हुकूम सोडतो. मला ते जमत नाही आणि जमवायची इच्छाही नाही. वोंबल आजही एका जुन्या मशीनवर आहे, त्या मशीनला नेट जोडलेलं नाही. नाटकवाल्यांची कामं तिथेच होतात.

एक वेगळा प्रकार सांगायला हवा, कारण त्यात लोक फार अडकतात. डीव्हीडी-रॅमवर, आणि डीव्हीडी-आरडब्ल्यूवर व्हीआर (व्हिडिओ रेकॉर्डिंग) मोडमध्ये केलेलं रेकॉर्डिंग व्हीओबीत नसतं. एकच मोठी व्हीआरओ फाईल असते आणि डिस्कवरचे सगळे प्रसंग त्यात एकामागोमाग. तिचं नाव बदलून एमपीजी केलं तर बरेच प्रोग्राम ती उघडतात. पण रेकॉर्डरवर बसून कुणी हौसेने प्लेलिस्ट बनवली असेल, तर तो क्रम शेजारच्या आयएफओ फाईलमध्ये असतो, व्हीआरओत नाही. नाव बदलून उघडणाऱ्याला वाटतं आपलं एडिटिंग गायब झालं. दोन्ही फाईली आणाव्यात, आणि सगळ्यात बरं म्हणजे डिस्कच आणावी.

गेल्या काही वर्षांत डिस्क कुणाला नकोच. मोबाईलवर पाहिजे, पेनड्राइव्हवर पाहिजे. इथे मात्र पुन्हा दाबण्याला पर्याय नाही, आणि इथे दुसरी भानगड उभी राहते. रेकॉर्डरचं चित्र इंटरलेस्ड, म्हणजे सेकंदाला ५० अर्धी चित्रं, एकाआड एक ओळींची. जुन्या टीव्हीवर ती मिसळून जायची. मोबाईलवर नाचणाऱ्या वरातीच्या हातापायांना कंगव्याचे दात फुटतात. हँडब्रेक हे फुकट सॉफ्टवेअर यासाठी पुरेसं आहे. त्यात डीइंटरलेसला, म्हणजे अर्ध्या चित्रांची पूर्ण फ्रेम करायच्या पर्यायात, बॉब निवडलं की ५० अर्ध्यांच्या ५० पूर्ण फ्रेम होतात आणि हालचाल मूळइतकीच सफाईदार राहते. २५ वर आणली तर लेझीम अडखळत खेळल्यासारखं दिसतं. ज्या ग्राहकाला वेळ आहे आणि काम मोलाचं आहे, त्याच्यासाठी एव्हीसिंथ या प्रोग्रामवर क्यूटीजीएमसी ही डीइंटरलेसची स्क्रिप्ट लावतो. फार हळू, पण त्याच्या तोडीचं दुसरं मी पाहिलेलं नाही. फक्त फील्डचा, म्हणजे त्या अर्ध्या चित्रांचा, क्रम बघून घ्या. डीव्हीडी रेकॉर्डरचं बहुधा वरचं फील्ड आधी असतं, मिनी डीव्ही कॅसेटचं खालचं. उलटं पडलं की माणसं एक पाऊल पुढे, एक मागे अशी थरथरत चालतात.

एचडीचं काय, तर ३५२ रुंदीच्या चित्रातून एचडी निघत नाही. संगणकाच्या अकलेने मोठं करून देणारी सॉफ्टवेअर आम्हीही चालवून पाहिली. मंडप छान दिसतो, झालर छान दिसते. आजीच्या चेहऱ्यावर मात्र मेण चढतं आणि ती आपली आजी राहत नाही. हट्टच असेल तर करून देतो, पण सोबत मूळ डिस्कची जशीच्या तशी आयएसओ प्रत (अख्खी डिस्क एकाच फाईलमध्ये) दिल्याशिवाय पार्सल बंद करत नाही.

२०१९ च्या महापुरानंतर कामाचं स्वरूप आणखी पालटलं. चिखलाने भरलेल्या डिस्कच्या पिशव्या आल्या. कॅसेटींच्या मानाने डिस्क बऱ्यापैकी टिकल्या, कारण डीव्हीडीत माहितीचा थर दोन प्लास्टिकच्या चकत्यांच्या मध्ये असतो. स्वच्छ पाण्यात सौम्य साबण घालून धुवायची, मऊ कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ पुसायची, गोल गोल कधीच नाही. कागदी लेबल चिकटवलेल्या डिस्कनी जास्त त्रास दिला. लेबल भिजून फुगलं की डिस्क ड्राइव्हमध्ये थरथरते.

अजून एक तक्रार रोजची. "काका, डिस्क रिकामी दाखवतेय." रिकामी नसते, फायनलाइझ केलेली नसते, म्हणजे दुसऱ्या मशीनवर चालावी म्हणून रेकॉर्डरवर शेवटी डिस्क बंद करायची असते ते राहिलेलं असतं. उजेडात तिरकी धरून खालची बाजू पाहा. आतल्या बाजूला वेगळ्या छटेचा पट्टा दिसला तर तेवढं रेकॉर्डिंग आहे. आयसोबस्टर या डिस्कमधली माहिती सोडवणाऱ्या सॉफ्टवेअरने यातलं बरंच सुटतं. पण ज्या मशीनवर रेकॉर्ड केलं तेच मशीन चालू असेल तर सगळ्यात सोपा आणि सुरक्षित उपाय म्हणजे त्यावरच फायनलाइझ करणं. त्यामुळे माळ्यावरचा रेकॉर्डर भंगारात घालू नका, डिस्कबरोबर तोही घेऊन या. आणि त्याचा रिमोट आठवणीने आणा. फायनलाइझचा मेनू बहुतेक मशीनमध्ये रिमोटशिवाय उघडतच नाही.