बॉनेटवरची जाळी काढताना: पॅड, पॉलिश आणि माझा अनुभव

गाडीच्या रंगावरचे स्वर्ल मार्क, म्हणजे बारीक चऱ्यांची जाळी, काढायचे म्हटलं की पहिला प्रश्न येतो, कुठलं पॉलिश घेऊ? माझ्या गाडीवर काम करताना त्याहून मोठे दोन प्रश्न समोर आले. एक, ते पॉलिश मशीनच्या कुठल्या पॅडवर, म्हणजे घासायच्या गादीवर, घेऊन फिरवायचं. दुसरा, गाडीवर घासण्याजोगा थर मुळात शिल्लक आहे किती.

मी बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीच्या लॅबमध्ये काम करते. ओतीव लोखंडाचा तुकडा घासायचा, चकचकीत करायचा आणि मायक्रोस्कोपखाली शंभर पट मोठा करून त्यातलं ग्रॅफाइट बघायचं, हे रोजचं काम. २२० च्या जाड पॉलिश पेपरपासून सुरुवात, मग बारीक होत जाणारे ४००, ६००, १०००, शेवटी मखमली कापडावर डायमंड पेस्ट. पेपर बदलला की नमुना ९० अंशांत फिरवायचा, म्हणजे आधीच्या पेपरचे ओरखडे गेले की राहिले ते लगेच कळतं. लॅबमध्ये नेहमी जाड पेपरपासून सुरू करतात, कारण लोखंड हवं तेवढं असतं. गाडीचं गणित नेमकं उलटं आहे. सगळ्यात वरचा पारदर्शक थर, ज्याला क्लिअर कोट म्हणतात, तो साधारण ३५ ते ५० मायक्रॉनचा. डोक्याच्या केसापेक्षाही पातळ. ऊन झेलतो तोच, चमक देतो तोच, आणि एकदा घासून गेला की पुन्हा रंगकाम केल्याशिवाय परत येत नाही. म्हणून गाडीवर पॅड आणि पॉलिशच्या सगळ्यात सौम्य जोडीपासून सुरुवात करायची आणि गरज पडली तरच एक पायरी वर चढायचं. पुढचं सगळं मी या एका नियमावर केलं.

माझी गाडी गडद निळी, केए-२२ पासिंगची, जुनी घेतलेली. दिवसा सावलीत बरी दिसायची. रात्री पेट्रोल पंपाच्या एलईडीखाली उभी केली की बॉनेटवर दिव्याभोवती गोल गोल जाळी उमटायची. हे ओरखडे खरं तर गोल नसतात. ते सगळ्या दिशांनी गेलेले बारीक सरळ चरे असतात, आणि दिव्याच्या भोवती आडवे पडलेले तेवढेच उजेड परत फेकतात, म्हणून डोळ्यांना वर्तुळं दिसतात. ते पडतात हातानंच. आमच्याकडे जांबोटीवरून चोर्ल्याला जाऊन आलं की गाडीवर लाल मातीचा थर बसतो, आणि पार्किंगमध्ये सकाळी कोरड्या फडक्यानं गाड्या पुसायची पद्धत सगळीकडे आहे. त्या मातीतले बारीक खडे फडक्याखाली फिरतात. खंडेनवमीला बॉनेटवर काढलेलं हळद-कुंकवाचं स्वस्तिकही दुसऱ्या दिवशी कोरडंच पुसलं जातं. पूजा मी मनापासून करते. आता एवढंच, की कुंकू पाण्यानं भिजवून सोडवते.

ओळखीच्या गॅरेजमधल्या मामांना गाडी दाखवली. त्यांनी बॉनेटवरून हात फिरवला आणि म्हणाले, "ताई, रबिंग मारून देतो की. अर्ध्या दिवसात गाडी नवी." मामांचा हात चांगला आहे. वाळूपेपरनं घासलेल्या नव्या रंगाला चमक आणायची तर त्यांच्यासारखा माणूस शोधून सापडत नाही. पण त्यांच्याकडे रोटरी मशीन आणि लोकरीचा पॅड. रोटरी एकाच जागी गरगर फिरते, कापते भरपूर, म्हणजे रंगाचा थर पुष्कळ उतरवते, तापतेही लवकर, आणि गडद रंगावर मागं उन्हात हलणारे पट्टे सोडून जाते. त्यांना होलोग्रॅम म्हणतात. ते काढायला पुन्हा घासणं आलं. माझ्या गाडीला तेवढ्या कापाची गरज आहे का, हे आधी बघायचं होतं. तसं मामांना सांगितलं, आणि त्यांनीही आग्रह केला नाही.

आमच्या क्वालिटी विभागात कास्टिंगवरच्या पेंटची जाडी मोजायचं गेज आहे. साहेबांना विचारून ते सुट्टीला घरी आणलं. टपावर ११० मायक्रॉनच्या आसपास, बॉनेटवर थोडं कमी, बॉनेटच्या कडेला नव्वदच्या खाली. कंपनीतून आलेल्या रंगाला हे आकडे ठीक आहेत. डावा मागचा दरवाजा मात्र सगळीकडे २३० च्या वर. म्हणजे तो पुन्हा रंगवलेला. गेज सगळ्या थरांची मिळून जाडी सांगतं, वरचा पारदर्शक थर वेगळा सांगत नाही, आणि प्लॅस्टिकच्या बंपरवर ते चालतच नाही. तरी कुठे हात आखडता घ्यायचा, हे त्यातून कळलं. कडा आणि घड्या यांवर रंग मुळात पातळ असतो, तिथे मी सरळ मास्किंग टेप लावली.

पॉलिशच्या आधीच्या धुण्याबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण आमच्या गावाला ते फार लागू आहे. फाउंड्रीच्या आवारात गाडी उभी राहिली की ग्राइंडिंगची आणि शॉट ब्लास्टिंगची लोखंडी धूळ रंगावर बसते, गंजते आणि रुतते. नुसत्या शाम्पूनं ती निघत नाही. आयर्न रिमूव्हर मारला तर मागच्या दरवाजापासून डिकीपर्यंत जांभळे ओघळ आले. त्यातलं थायोग्लायकोलेट लोहाशी मिसळलं की तो जांभळा रंग येतो. ते धुऊन मग क्ले बार, म्हणजे रुतलेले कण ओढून घेणारी मऊ वडी, भरपूर शाम्पूच्या पाण्याबरोबर, न दाबता. प्लॅस्टिकच्या पिशवीत बोटं घालून रंगावरून फिरवली की खरखर लागते का ते कळतं. ही खरखर राहू दिली तर तोच कण पॅडमध्ये अडकून नवे चरे पाडतो. उद्यमबाग, मच्छे, होनगा या भागांत ज्यांच्या गाड्या रोज उभ्या राहतात, त्यांनी ही पायरी अजिबात टाळू नये.

मशीन मी डीए घेतलं, म्हणजे ड्युअल ॲक्शन. त्याचा पॅड फिरतो आणि त्याच वेळी झोलही खातो, म्हणून एका जागी उष्णता साचत नाही. बेताचा दाब दिला तर क्लिअर कोट जळण्याची भीती फार कमी. १५ मिलिमीटर झोलाचं मशीन बॉनेट आणि टपावर झपाट्यानं काम करतं. खांब आणि बंपरच्या खोबणीला तीन इंची पॅड लागतो.

आता पॅड. फोम, मायक्रोफायबर आणि लोकर असे तीन प्रकार. फोम सगळ्यात सौम्य, त्यातही कडक, मध्यम आणि मऊ. मायक्रोफायबर जोरात कापतो, पण मऊ रंगावर धूसरपणा सोडतो. इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी: फोमच्या रंगावर जाऊ नये. रुपेस कंपनीच्या पॅडमध्ये निळा फोम जाड कापाचा, हिरवा मध्यम, पिवळा बारीक आणि पांढरा अगदी शेवटचा. लेक कंट्री कंपनीत पिवळा म्हणजे कडक कापणारा, नारिंगी त्याच्या खालचा, पांढरा पॉलिशिंगचा आणि काळा फिनिशिंगचा. एकाचा पिवळा हात फिरवणारा, दुसऱ्याचा पिवळा सोलणारा. दुकानदार "पिवळा घ्या" म्हणाला तर कुठल्या कंपनीचा ते आधी विचारा.

चाचणीसाठी बॉनेटवर टेपनं दीड-दीड फुटांचे चौकोन आखले. पॉलिश एकच ठेवलं, मेग्वायर्स कंपनीचं बारीक पॉलिश एम २०५, आणि पॅड बदलत गेले. मऊ फिनिशिंग फोमवर चमक खोल झाली, पण जाळी बहुतेक तशीच. तेच पॉलिश, तोच वेग, तेवढेच फेरे, फक्त खाली मध्यम पॉलिशिंग फोम, आणि जाळी जवळजवळ साफ. बाटली न बदलता एवढा फरक पडतो, हे स्वतःच्या गाडीवर बघितलं की पॅडचं महत्त्व कुणी समजावून सांगावं लागत नाही. तिसऱ्या चौकोनात मायक्रोफायबर पॅड आणि त्याच कंपनीचं एम १०५ कंपाउंड, म्हणजे जोरात कापणारं पॉलिश, लावलं. उरलेले खोल चरेही गेले, पण मागं धूसर पदर आला, म्हणजे पुन्हा फिनिशिंगचा फेरा. शिवाय एम १०५ लवकर वाळतं आणि धूळ उडवतं. आमच्या एप्रिलच्या वाऱ्यात ते आणखीच जाणवलं.

प्रत्येक चौकोन बघण्याआधी पाण्यात १५ टक्क्यांच्या आसपास आयसोप्रोपिल अल्कोहोल मिसळून पुसला. मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात ते आयपीए म्हणून मिळतं. पॉलिशमधली तेलं बारीक चरे भरून काढतात आणि सगळं साफ झाल्यासारखं दिसतं. झटपट रबिंगनंतर चारदोन धुण्यांत जाळी परत दिसते, त्यामागं बहुतेकदा हेच असतं. अल्कोहोलनं पुसल्यावर टॉर्चच्या उजेडात जे दिसतं, ते खरं.

मग ठरलं. सगळ्या गाडीला मध्यम फोम आणि एम २०५. बॉनेट आणि डिकीचा जो भाग सगळ्यात खराब होता, तिथे आधी मेंझेर्ना कंपनीचं २५०० हे मध्यम कापाचं पॉलिश त्याच फोमवर. एम १०५ कपाटात गेलं. पुन्हा रंगवलेल्या दरवाजावर मात्र वेगळी चाचणी घेतली, आणि ते बरं झालं. कंपनीत गाडीचा रंग साधारण १४० अंश सेल्सिअसला भाजतात. गॅरेजमध्ये गाडीत प्लॅस्टिक, वायरिंग सगळं असतं, म्हणून ६० अंशांच्या आसपासच. तो थर बऱ्याचदा मऊ राहतो. त्या दरवाजावर मध्यम फोमनं धुकं आणलं, तर मऊ फिनिशिंग फोमनं एका टप्प्यात काम झालं. जाडी सगळ्यात जास्त, आणि हात सगळ्यात हलका लागला तो तिथेच.

काम सकाळी लवकर, शेडखाली. पत्रा हाताला गरम लागला की थांबायचं. नव्या पॅडवर पहिल्यांदा सगळीकडे पॉलिश पसरून घ्यायचं, नंतर प्रत्येक भागाला वाटाण्याएवढे तीन-चार थेंब पुरतात. आधी उभे फेरे, मग आडवे, एक फेरा दुसऱ्यावर निम्मा चढलेला. लॅबमध्ये नमुना ९० अंशांत फिरवतो त्याच हिशोबानं. हात सावकाश, सेकंदाला दोन-तीन सेंटिमीटर. मशीनच्या प्लेटवर मार्करनं एक रेघ मारून ठेवली होती. रेघ फिरताना दिसली नाही, तर दाब जास्त झाला आणि पॅडचं फिरणं थांबलं, असं समजायचं. प्रत्येक भाग संपला की पॅड ब्रशनं झाडायचा, नाहीतर निघालेला रंग आणि सुकलेलं पॉलिश मिळून पॅड गुळगुळीत होतो आणि कापणं बंद. एका पॅडवर अख्खी गाडी होत नाही. मध्यम फोमचे चार-पाच तरी जवळ असावेत. माझा सल्ला विचाराल तर तीन प्रकारची पॉलिशं घेण्यापेक्षा एक पॉलिश आणि त्या पैशांत जास्त पॅड घ्या.

टपावर एक चरा नखाला लागतो. म्हणजे तो पारदर्शक थर ओलांडून गेला आहे किंवा जवळपास तेवढा खोल आहे. तो मी ठेवला. एका चऱ्यासाठी आजूबाजूचा थर उतरवणं मला पटत नाही. मामांनी नंतर गाडी उन्हात फिरून फिरून बघितली, आणि त्या चऱ्यावर बोट ठेवून म्हणाले, "हा ठेवलासा ते शहाणपण केलंसा." रंगाचं काम आयुष्यभर केलेल्या माणसाकडून ते ऐकून फार बरं वाटलं.

वर सीलंट, म्हणजे रंग जपणारा थर, लावलं आहे. धुताना आधी नुसत्या पाण्यानं माती उतरवते, मग दोन बादल्या, एक शाम्पूची, एक मिट, म्हणजे धुवायचा हातमोजा, खळबळायची. पार्किंगमधल्या दादांना कोरडं फडकं लावू नका म्हणून सांगितलं आणि पुसायचे पैसे चालूच ठेवले. आता ते फक्त काचा पुसतात. बोअरचं पाणी जड असल्यानं गाडी उन्हात वाळू देत नाही, डाग बसतात. पॅड साबणाच्या पाण्यात धुऊन, सावलीत वाळवून, मध्यम आणि मऊ वेगवेगळ्या पिशव्यांत नाव लिहून ठेवले आहेत.