ठोके ५८, तरी सीझर थांबवलं

३४ आठवड्यांची, पहिलटकरीण. सोबतच्या चिठ्ठीत एवढंच: ‘बाळाचे ठोके ५८, तातडीने सीझर.’ आमच्या सीटीजीवरही (बाळाच्या ठोक्यांचा आलेख काढणारं यंत्र) तेच. ५८ वर सरळसोट रेघ, चढउतार नावालाही नाही.

अशा वेळी आधी आईची नाडी धरायची. पोटावर ठेवलेला प्रोब जरा सरकला की यंत्र आईचेच ठोके मोजत बसतं. तिची नाडी ८८ होती, म्हणजे ५८ बाळाचेच.

या वयात ठोके ११० ते १६० असतात आणि ६ ते २५ ठोक्यांनी सतत वरखाली होत राहतात. मेंदूच्या तळातून दोन उलटसुलट हुकूम एकाच वेळी येत असतात: सिम्पथेटिक नसा वेग वाढवतात, व्हेगस ही नस खाली खेचते. नाळ दाबली गेली की रक्तदाब चढतो आणि व्हेगस ठोके पाडते. ऑक्सिजन एकदम कमी झाला तरी तीच पाडते. ठोके पडून वर येत नसतील तर बाळ गुदमरतंय असं धरून ऑपरेशनची तयारी करतात, आणि ते बरोबरच आहे. पण गुदमरून ठोके ५८ वर अडकलेलं बाळ मजेत लाथा मारत नाही. सोनोग्राफीत हे बाळ हातपाय झाडत होतं, छातीही श्वास घेतल्यासारखी हलत होती. बाळाभोवतीचं पाणी भरपूर, आणि त्याच्या पोटात, छातीत किंवा कातडीखाली कुठेही सूज नाही.

मग सोनोग्राफीतल्या एम-मोडची (एका रेषेवरची हालचाल वेळेनुसार दाखवणारी) रेषा हृदयाच्या वरच्या आणि खालच्या कप्प्यांतून एकदम जाईल अशी धरली. वरचा कप्पा १४०, खालचा ५८, आणि दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. बाळाने पाय झाडला तसा वरचा १५५ वर गेला, खालचा जागचा हलला नाही. मेंदूचा हुकूम सायनस नोडपर्यंत, म्हणजे ठोके सुरू करणाऱ्या वरच्या केंद्रापर्यंत, नीट पोचत होता; पुढे वरून खाली संदेश नेणारा एव्ही नोडच बंद. कम्प्लीट हार्ट ब्लॉक, म्हणजे वरचे ठोके खाली पोचतच नाहीत. (वरचे ठोके दोन-दोनच्या जोडीने, विषम अंतराने पडत असतील तर तो बहुधा निरुपद्रवी प्रकार असतो. तो इथे नव्हता. अंतरं एकसारखी होती.)

आईला कसलाच त्रास नव्हता, तरी अँटी-रो अँटिबॉडी (शरीराच्या स्वतःच्याच पेशींविरुद्ध तयार होणाऱ्या) पॉझिटिव्ह आल्या. त्या वारेतून बाळात जातात आणि बहुतेक वेळा १८ ते २४ आठवड्यांत एव्ही नोडवर व्रण करून ठेवतात. तो व्रण स्टेरॉइडने भरून येत नाही. त्यामुळे ३४ आठवड्यांचं बाळ घाईने बाहेर काढून हाती काहीच लागलं नसतं. उलट अपुऱ्या दिवसांचं, हळू हृदयाचं आणि पेसमेकर बसवायला अवघड इतकं लहान बाळ सांभाळावं लागलं असतं.

तेव्हा ठरलं ते असं: दर आठवड्याला सोनोग्राफी, ठोके ५५ च्या खाली गेले किंवा बाळाच्या अंगात पाणी साठू लागलं तर फेरविचार, आणि बाळंतपण नवजात बाळाला पेसमेकर बसवता येईल अशाच ठिकाणी. केसपेपरवर पहिल्याच पानावर लाल शाईने लिहिलं: ‘हार्ट ब्लॉक. ठोके ५५–६० हे याचे नेहमीचे. निव्वळ सीटीजीवरून सीझर करू नये.’